आई मरते की मारते

कुरखेड्याच्या भागीरथाबाई जन्मभर मरत आल्या होत्या.

दिवाळी झाली, धान कापून झाला की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि नाटकं सुरू होतात. त्या नाटकांत आईचं काम भागीरथाबाईंकडे तरुणपणीच आलं. त्यांचा आवाज रडका नव्हता, पण ऐकणाऱ्याला रडवायचा. नाटक पहाटेपर्यंत चालायचं आणि भागीरथाबाई पहिल्या अंकातच मरायच्या. कधी क्षयानं, कधी सुनेच्या छळानं, कधी दारुड्या पोराच्या धक्क्यानं. मांडवातल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या, पुरुष हातातली बिडी विझवायचे. पडदा पडला की भागीरथाबाई उठायच्या, साडी झटकायच्या, पडद्यामागं ट्रंकेवर बसून चहा घ्यायच्या आणि पुढचं सगळं नाटक नुसतं कानांनी ऐकायच्या. त्यांच्या मरणाचा बदला घेतला जायचा, पोरं सुधारायची, सुना पाया पडायच्या, पण कोणाच्या? भिंतीवरच्या फोटोच्या.

तर अशा भागीरथाबाईंच्या अंगणात यंदा पौषात चंद्रपूरचा पियुष येऊन बसला. पियुष तिशीचा, दाढी राखलेला, बोलताना दोन्ही हातांची चौकट करून समोरच्याकडे बघणारा. एका यूट्यूब चॅनेलसाठी तो वेबसिरीज करत होता. नाव 'बोडी'. शेताकडेची पाणी साठवायची बोडी, आणि तिच्यावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ.

"बाई, आईचं काम तुमालेच कराव लागते," पियुष म्हणाला. "भूमिका छोटी हाय, पण लय महत्त्वाची."

"कितव्या पानावर मरतो मी?" भागीरथाबाईंनी विचारलं.

पियुष ओशाळला. "पान चार."

"बरं बाप्पा," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. सवयीचं काम होतं.

आठवड्याभरात पियुषनं सगळ्या कलाकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक टाकली. पटकथा इंटरनेटवरच एका साइटवर होती. पियुष चंद्रपुरात बसून लिहायचा आणि त्याच वेळी नागपुरात बसलेली करिष्मा तेच पान उघडून त्यात भर घालायची. करिष्मा सिरीजची नायिका आणि पियुषच्या जोडीची लेखिकाही. बाकीच्यांनी फक्त वाचायचं होतं. पण लिंक पाठवताना वाचण्याची परवानगी द्यायची की लिहिण्याची, असं ती साइट विचारते, आणि पियुषनं घाईत नको त्या ठिकाणी बोट दाबलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. भागीरथाबाईंना तर असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

त्यांच्या सुनेचं, दिव्यानीचं, बसस्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसतं. जेवण झाल्यावर सासूबाई दुकानात आल्या आणि दिव्यानीनं मोठ्या पडद्यावर लिंक उघडून दिली. बाई चष्मा लावून वाचू लागल्या. आई सकाळी उठते, सडा टाकते, दोन्ही पोरांना भाकर बांधून देते, बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाते. पान चारच्या तळाशी लिहिलं होतं:

'गवतातून साप येतो. आई मरते.'

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "दोन शब्दांत मारलं मले! नाटकवाल्यायनं निदान एक गाणं तरी देल्लं असतं."

"वाचा ना मामी पुढं," दिव्यानी म्हणाली. सासूला ती मामीच म्हणायची.

"पुढं मी नाईच, तं वाचू कायले?" बाईंचं लक्ष 'मरते'च्या शेजारी लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेकडे गेलं. "हे कांडी काऊन चमकून राह्यली?"

"तुमी तिथी बोट लावलं म्हनून. आता तिथी लिहिता येते."

दिव्यानी हे बोलली आणि तिच्याच लक्षात आलं. तिनं मान पुढं काढून नीट पाहिलं. वरच्या कोपऱ्यात 'गेस्ट' असं नाव आलं होतं आणि त्याला जांभळा रंग होता. "मामी, आपल्याले लिहिता येऊन राह्यलं! नका लावू हात. बंद करतो."

"थांब वं," बाई म्हणाल्या.

त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. बसस्टँडवर एक बकरी उसाचं चिपाड चघळत होती, बाकी कोणी नव्हतं. "काना कुठं असते यात?"

दिव्यानीनं आधी तोंडावर हात ठेवला आणि मग त्याच हाताचं बोट पुढं करून काना दाखवला. बाईंनी 'म'च्या पुढं तेवढा एकच काना दिला.

'गवतातून साप येतो. आई मारते.'

दोघी बाहेरच्या बाकावर जाऊन इतक्या हसल्या की समोरचा पानठेलेवाला काय झालं म्हणून विचारायला आला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर करिष्माचा मेसेज आला. 'सर, आई साप मारते हे काय भारी केलंत! एकदम वेगळी आई.' पियुषनं चंद्रपुरात तो मेसेज वाचला, पान उघडलं आणि डोकं खाजवलं. त्यानं तर असं लिहिलं नव्हतं. म्हणजे करिष्मानंच लिहिलं असणार आणि नम्रपणानं श्रेय आपल्याला देत असणार. चॅनेलवाल्यांशी ओळख करिष्माचीच होती, तिला दुखवणं परवडणारं नव्हतं. त्यानं उत्तर दिलं, 'तुलाही आवडलं ना? मग ठेवू.' करिष्माला वाटलं, सरांचंच आहे. साइट फुकटातली होती, कोणी काय बदललं याची नोंद पैसे भरणाऱ्यांनाच दिसायची. दोघंही एकमेकांचं कौतुक करत गप्प बसले.

पण आई मेल्याशिवाय भावांचं भांडण पेटत नव्हतं. पियुषनं दोन बदल केले. वनखातं डोक्यावर बसेल म्हणून 'मारते' काढून 'हाकलते' केलं आणि पान नऊवर नवीन ओळ घातली: 'आईला ताप येतो.'

भागीरथाबाईंनी दुपारी त्याच्यापुढं लिहिलं: 'उतरतो.'

पियुषनं आईला विहिरीत पाडलं. बाईंनी तिला पोहत बाहेर काढलं आणि वर दोरीही तिच्याच हातात दिली, 'कारण बादली आत राहिली होती.' पियुषनं आईला ट्रॅक्टरखाली घातलं. बाईंनी ट्रॅक्टरमधलं डिझेल संपवलं. पियुषला प्रत्येक वेळी वाटायचं की करिष्माला आई फारच आवडलेली दिसते. करिष्माला वाटायचं की सरांचं काहीतरी बिनसलंय, आईला मारायला घेतात आणि पुन्हा स्वतःच वाचवतात.

दिव्यानीच्या दुकानात आता दुपारची वाट बघितली जायची. "आज कायनं मारलं?" बाई दारातूनच विचारायच्या. घरी मात्र दोघी मुकाट. ग्रुपवर तर भागीरथाबाई रोज सकाळी फुलांचं चित्र आणि हात जोडलेला नमस्कार पाठवायच्या. इतकी साळसूद बाई साऱ्या गटात दुसरी नव्हती.

एक दिवस त्या अशाच पानावर होत्या. आईला पांढऱ्या बैलानं ढुशी दिली होती आणि बैलाला कसं वळवावं याचा विचार चालला होता. तेवढ्यात पानावर आणखी एक कांडी चमकली. हिरवी. तिच्यावरही 'गेस्ट' असंच नाव. आणि बाईंच्या डोळ्यांसमोर अक्षरं उमटू लागली:

'शेठ: कोन हाय?'

बाई कीबोर्डपासून अशा मागं सरकल्या की खुर्ची कपाटाला धडकली. "दिव्यानी! शेठ बोलून राह्यला!"

सिरीजमधला शेठ म्हणजे खलनायक, बोडी गिळायला टपलेला सावकार. ते काम चिमूरच्या अयूबभाऊंकडे होतं. अयूबभाऊ शिलाईचं दुकान चालवायचे. मिशा मोठ्या आणि डोळे बारीक, म्हणून नाटकात कायम खलनायक. दर अंकाला मार खायचा आणि शेवटी पोलिसांच्या ताब्यात जायचं. भागीरथाबाईंना त्यांनी रंगमंचावर किती वेळा घराबाहेर काढलं असेल याचा हिशेब नव्हता. प्रत्यक्षात मात्र बाईंच्या सगळ्या चोळ्या त्यांच्याच हातच्या.

बाईंनी धीर करून लिहिलं, 'आई: तू कोन?'

'शेठ: अयूब. बाई, तुमीच ना? ताप उतरते, डिझेल संपते, हे पाहून मले वाटलंच होतं.'

'आई: कोनाले सांगू नका भाऊ.'

'शेठ: खुदा कसम नाई सांगत. पन मग माझंबी एक काम करा. पान बारावर मले चपलीनं मारते थे काढा. आमची घरवाली मलिका म्हन्ते, नातवंडं पाहातीन, किती दिवस चपला खासान?'

त्या दिवसापासून पानावर दोन पाहुणे झाले. पान बारावरच्या चपला निघाल्या. शेठला एक घर मिळालं, घरात बायको मिळाली, आणि शेठ त्या बायकोला फार भ्यायचा. काम आटपलं की दोघं पानाच्या तळाशी थोडं बोलायचेही. भागीरथाबाईंना गंमत वाटायची. कुरखेड्यातून लिहावं आणि चिमुरातून लगेच उत्तर यावं, फोनवर बोलताना होतो तसा मधे हॅलो-हॅलोचा घोळ नाही. जाताना पुसून टाकायचं असं ठरलं होतं. पुसायचं काम अयूबभाऊंकडे होतं.

आणि एके दिवशी लग्नाच्या शेरवानीचं माप द्यायला मंडळी आली, अयूबभाऊ टेप घेऊन उठले आणि पुसायचं राहून गेलं.

त्या साइटची खुबी अशी की बोलणाऱ्याचं नाव लिहिलं की ती आपोआप नाव पानाच्या मधोमध घेते आणि खाली संवाद लावून देते. त्यामुळं संध्याकाळी करिष्मानं पान उघडलं तेव्हा तिला एक साफसुथरा, नीट मांडलेला प्रवेश दिसला. शेठ आईला विचारतो, जेवल्या का? आई म्हणते, हो, दिव्यानीनं लाखोळीची भाजी केली होती, पण मीठ विसरली. शेठ म्हणतो, सुनेला बोलू नका, गुमान खा, मी पण तसंच करतो. आई म्हणते, गुडघा दुखून राहिला आहे. शेठ म्हणतो, मोहाच्या तेलानं चोळा.

करिष्मानं पियुषला फोन लावला. "सर, कमाल केलीत! दुश्मन आहेत आणि एकमेकांच्या गुडघ्याची चौकशी करतात. पण एक विचारू का? ही दिव्यानी कोण? आपल्या गोष्टीत दिव्यानी नाही."

पियुषला भागीरथाबाईंच्या सुनेचं नाव आठवलं. "करिष्मा," तो म्हणाला, "हे मी लिहिलं नाई. मले वाटलं, तू लिहून राह्यली."

"मी? मी तर सापापासून सगळं तुमचंच मानत होते!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पियुष मोटरसायकलवरून कुरखेड्याला हजर. हेल्मेट न काढताच अंगणात उभा राहिला. भागीरथाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्याला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर नीट केला.

"लाखोळीच्या भाजीत मीठ होतं का बाई काल?" पियुष म्हणाला.

बाईंना कळायचं ते कळलं. दाराआडची दिव्यानी तिथूनच मागच्या मागं नाहीशी झाली.

"बस बाबू," बाई म्हणाल्या. "आधी पानी पे."

"पानी नाई पाह्यजे! हे पाहा तुमी." त्यानं फोन काढून पान उघडलं. "तिसऱ्या भागात लहाना भाऊ आईची तेरवी करून राह्यला. लोकं जेवून राह्यले. आन इकडं पान सोळावर आई उभी हाय बैलाले ओरडत! तेरवी कोनाची चालू हाय मंग? चॅनेलवाल्यायले हे पाठवलं असतं तं मले वेड्यात काढलं असतं!"

बाईंनी फोन हातात घेतला, तेरवीचा प्रवेश वाचला आणि मग बैलाचा वाचला. त्यांनी गंभीर राहायचा खूप प्रयत्न केला. पण स्वतःच्या तेरवीच्या पंगतीमागून आपण बैल हाकत चाललोय हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि त्या फुटल्याच. पियुष रागानं बघत राहिला आणि बघता बघता त्याच्या दाढीतही हसू सांडलं. त्यानं हेल्मेट काढलं आणि पायरीवर बसला.

"माझं चुकलंच," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पुढचं मी वाचलंच नोहोतं. आपलं पान आलं का आपन वाचाव, एवढीच सवय. तुया मेहनतीची माती केली मी."

"पन काऊन बाई? मराचं काम तुमच्यासारखं कोनालेच येत नाई."

"येते ना रे. म्हनूनच तं." त्या तांदळातला एक खडा वेचू लागल्या. "मी मेली का पडद्याच्या मांगं. पुढचं सारं मले आयकाव लागते. लोकं टाळ्या वाजवते, मी ट्रंकीवर. शेवटाले सारे कलाकार उभे राह्यते, मी तवा साडी बदलून बसची वाट पाहून राह्यतो. माया पोरायचं काय झालं, हे मी कधी माया डोयानं पाह्यलंच नाई. एकडाव शेवटच्या पानावर उभं राहून पाहाव म्हटलं."

पियुषनं फोन परत घेऊन खिशात ठेवला. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाला, "आई जिती राह्यली तं भांडन कायचं? बोडी तिच्या नावानं हाय."

"मंग दोघंबी तिच्या मांगं मांगं फिरतीन. एक पाय दाबन, दुसरा दवाई आनन. शेठबी साडी घेऊन येईन."

"हे तं हसाचं झालं. मले लोकायले रडवाचं होतं."

"थेबी देतो," बाई म्हणाल्या. "पन जित्तेपनी."

पियुषनं तिथंच बसून भागीरथाबाईंना रीतसर खातं उघडून दिलं. त्यांचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा रंग, जर्द पिवळा. अयूबभाऊंनाही दिलं. ग्रुपवर जाहीर केलं की आता पटकथा चौघांची. करिष्मानं टाळ्यांची रांग पाठवली.

आणि मग भलतंच झालं. भागीरथाबाईंना एक अक्षर सुचेना.

रोज दुपारी त्या दुकानात जायच्या, पान उघडायचं, पिवळी कांडी चमकायची आणि तिच्या डोक्यावर त्यांचं पूर्ण नाव. चंद्रपुरात दिसतंय, नागपुरात दिसतंय, चिमुरात दिसतंय. चोरून लिहिताना काय लिहिलं याची फिकीर नव्हती, पकडलं जायची होती. आता पकडलं जायची भीती गेली आणि दुसरीच येऊन बसली. करिष्मा प्रेमानं लिहायची, 'बाई, तुम्ही आलात!' की बाई घाबरून पान बंद करायच्या.

"मामी, तुमाले लपूनच लिहाव लागते," दिव्यानी म्हणाली. "सरायले म्हना, पुन्हा गेस्ट करा."

"नाई," बाई म्हणाल्या. "आता नावानंच लिहीन. तू जरा भाईर बस. तू मांगून पाहातं, मले शाळेत बसल्यासारखं वाटते."

दिव्यानी बाहेर बाकावर बसली. झेरॉक्सला आलेल्या दोघातिघांना तिनं मशीन गरम झालंय असं सांगून परत पाठवलं. मग आतून एका बोटानं टाइप केल्याचा टक्, टक् असा आवाज येऊ लागला.

बाईंनी लिहिलं होतं ते थोडकंच होतं. दोन्ही पोरं ओसरीवर बसून घराच्या वाटण्या करतायत. आई कोणाकडं किती महिने राहील यावर बोलणं चाललंय, हळू आवाजात, भांडण न करता. आई आत तांदूळ निवडते आहे. तिला सगळं ऐकू जातंय. ती निवडत राहते. तांदूळ संपतात, तरी ती निवडत राहते. बस, एवढंच. तिला ना ताप आला, ना साप.

पियुषनं ते वाचलं आणि शेजारी सूचनेच्या चौकटीत फक्त लिहिलं, 'याला कोणी हात लावू नका.'

शूटिंग माघात झालं, कुरखेड्यापासून जवळच्याच एका गावात. तांदळाचा प्रवेश झाला. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "यापरीस मरनं सोपं होतं बाप्पा." चहा मागितला, तो थंड होईपर्यंत पेल्याकडं बघत बसल्या. अयूबभाऊ शेजारी येऊन बसले आणि त्यांच्या पदराचा निघालेला टाका घालून दिला.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रवेश. सकाळची वेळ, बोडीवर धुकं विरळ होत चाललेलं. दोन्ही भावांची कामं करणारे निकेश आणि लोकेश पाण्यात जाळं टाकतात आणि आई पाळीवर उभी राहून बघते. बाईंना करायचं काही नव्हतं. पियुषनं सांगितलं, "बाई, फक्त उभं राहा. हेच तं पाह्यजे होतं ना तुमाले?"

कॅमेरा सुरू झाला. भागीरथाबाई उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या पानावर. हात कुठं ठेवावे हे त्यांना कळेना. कंबरेवर ठेवले, काढले, पदराशी खेळल्या. तिकडं पाण्यात निकेश चंद्रपूरचा आणि लोकेश नागपूरचा, दोघांनीही जाळं जन्मात धरलं नव्हतं. निकेशनं फेकलं ते लोकेशच्या डोक्यावर पडलं. लोकेश सोडवायला गेला तर त्याची बोटं अडकली. आणि खरंच आत मासे होते, चांगले तळहाताएवढे, ते पाण्यात सळसळू लागले.

"अरे ओढ! ओढ नं भडव्या, निंगून चालले मासे!" भागीरथाबाई ओरडल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि त्या थेट पाण्यात शिरल्या. दुखऱ्या गुडघ्याची आठवण ना त्यांना होती ना कोणाला. "तू त्या बाजूनं धर. तू हाल नको! घोड्याएवढे झाले दोघंबी, एक जाळं धरता येत नाई तं बोडी काय डोक्शावर घेसान?"

करिष्मा पियुषच्या कानाशी लागली, "सर, कट म्हणायचं ना?"

पियुषनं हातानंच तिला गप्प केलं. मागून मिशांना पीळ दिलेला, रेशमी सदऱ्यातला शेठ पाळीवर धावत आला. पटकथेप्रमाणं तो या प्रवेशात नव्हताच, आदल्याच भागात गाव सोडून गेला होता. "बाई, ही टोपली घ्या!" असं म्हणत त्यानं टोपली पाण्यात फेकली आणि पाठोपाठ चिखलावरून घसरून स्वतःही पोचला.

भागीरथाबाई कंबरभर पाण्यात उभ्या होत्या. एका हातात जाळ्याची दोरी, दुसऱ्या हातानं त्यांनी अयूबभाऊंची कॉलर धरली होती. एका बाजूला एक पोरगा, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि टोपलीत मासे तडफडत होते. त्यांनी मान वळवून तिघांकडेही पाहिलं. मग एकदम कॅमेरा आठवला तशी लाजून पदर तोंडाला लावला.

दुपारी त्याच माशांचा रस्सा झाला. तिखट होता. भागीरथाबाईंनी मोजून दोनदा मीठ पाहिलं, दिव्यानीला हाक मारून पंगतीत आपल्या शेजारी बसवलं, आणि सगळ्यांच्या शेवटी उठल्या.